निग्रह कमी, बंदोबस्त जास्त

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत अभ्यासिकांच्या पाट्या मोजायला निघालात तर कंटाळून जाल. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तिथे महिन्याचे पैसे भरतात आणि त्या बदल्यात त्यांना एक खुर्ची, हातभर टेबल आणि एक प्लग मिळतो. यातल्या पुष्कळांच्या खोलीवरही टेबल असते, दिवा असतो. पण खोलीवर गादी असते, पार्टनर असतो आणि त्याच्या मोबाइलवर चाललेली मॅच असते. अभ्यासिकेत डावी-उजवीकडे माना खाली घातलेली माणसे असतात. ‘इथे बसलं की अभ्यास होतो,’ एवढेच स्पष्टीकरण मुले देतात. ज्याला घरी बसून अभ्यास करता येत नाही तो साहेब होऊन काय करणार, असे म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. गेल्या साठेक वर्षांत स्वयंशिस्तीवर जे संशोधन झाले ते एकत्र वाचले, तर काकांपेक्षा मुलांचेच बरोबर आहे असे दिसते.

काकांच्या मनातली कल्पना जुनी आहे आणि जगभर आहे. माणसाच्या आत निग्रह नावाचे काहीतरी असते, कुणात जास्त, कुणात कमी. मोह समोर आला की दात-ओठ खाऊन ते वापरायचे. ज्याला जमले तो पुढे गेला, ज्याला जमले नाही त्याचे नशीब. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांचा निम्मा धंदा या कल्पनेवर चालतो, आणि पुरावा म्हणून त्यांत हटकून दोन प्रयोग येतात. दोन्ही प्रयोग मुळात काय होते आणि पुढे त्यांचे काय झाले, हे मात्र त्यांत क्वचितच येते.

पहिला प्रयोग मार्शमॅलोचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बिंग बालवाडीत वॉल्टर मिशेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि नंतर काही वर्षे तो केला. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे एक गोड खाऊ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. पुढे ही मुले मोठी झाल्यावर १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की जास्त वेळ थांबलेल्यांना कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण मिळाले होते. एवढ्यावर गोष्ट जगभर गेली. ज्या गटात हा संबंध ठळक दिसला त्यात अवघी ३५ मुले होती, हा तपशील वाटेत गळला.

त्याहून मोठी गोष्टही गळली. मिशेलला मुळात कोण थांबते यापेक्षा कसे थांबते यात रस होता. खाऊ झाकून ठेवला की तीच मुले कितीतरी जास्त वेळ थांबत. उघडा खाऊ समोर असेल तर काही पोरे डोळ्यांवर हात घेत, पाठ फिरवत, स्वतःशी गाणी म्हणत, चक्क झोपायचा प्रयत्न करत. खाऊच्या चवीचा विचार कर असे सांगितले की मुले लगेच हार मानत. तो ढगासारखा दिसतो अशी कल्पना कर म्हटले की टिकत. म्हणजे थांबणाऱ्या मुलांनी मोहाशी झुंज दिलीच नव्हती, त्यांनी त्याला नजरेआड केले होते. हे बालवाडीतल्या मुलालाही जमते आणि शिकवताही येते, हा त्या प्रयोगाचा खरा निष्कर्ष. ‘यशस्वी मूल ओळखा’ या मथळ्याखाली तो कधी छापला गेला नाही.

मिशेलचे काम बालवाडीच्या बरेच आधी, १९५०च्या दशकात, त्रिनिदाद बेटावर सुरू झाले होते. तिथे भारतीय वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे लोक शेजारी राहत आणि एकमेकांविषयी ठरीव मते बाळगत: ते नुसते पैसा साठवतात, हे नुसती मजा करतात. मिशेलने दोन्हीकडच्या मुलांना विचारले, आत्ता छोटी गोळी हवी की आठवड्याने मोठी? फरक दिसला, पण वडील घरात आहेत की नाहीत याच्याशी त्याचे नाते होते. मिशेलचा अंदाज असा की ज्या मुलाने शब्द पाळणारा मोठा माणूस फारसा पाहिलेला नाही, त्याने अनोळखी गोऱ्या संशोधकाच्या ‘पुढच्या आठवड्यात देतो’वर का विसंबावे?

हा धागा २०१३मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी पुन्हा उचलला. एकूण २८ मुले, दोन तुकड्या. एका तुकडीला आधी चांगले रंगीत खडू आणून देतो असे सांगून खरोखर दिले. दुसरीला सांगून दिले नाहीत, ‘अरे, संपले वाटतं’ म्हटले. मग मार्शमॅलो. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटे. नमुना लहान आहे, पण प्रश्न मोठा आहे. ज्या घरात ताटात आले ते आत्ता खाल्ले नाही तर भाऊ खातो, तिथे लगेच खाणारे मूल बेशिस्त कसे? २०१८मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९००हून अधिक मुलांवर ताडून पाहिले तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध मूळच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, आईचे शिक्षण, मुलाची सुरुवातीची आकलनशक्ती हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरला.

याचा अर्थ स्वयंशिस्त ही थोतांड गोष्ट आहे असा घेऊ नये. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे. तिथे एका खाऊवर भिस्त नव्हती. तीन ते अकरा या वयांत पालक, शिक्षक आणि निरीक्षकांनी वारंवार केलेल्या नोंदींवरून आत्मनियंत्रणाचा अंदाज घेतला गेला. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये दाखवले की बत्तिसाव्या वर्षीचे आरोग्य, कर्ज, व्यसन, गुन्ह्यांची नोंद यांचा या बालपणीच्या नोंदींशी संबंध आहे, आणि घरची सांपत्तिक स्थिती व बुद्ध्यांक बाजूला काढल्यावरही तो उरतो. तेव्हा शिस्त महत्त्वाची आहेच. ती आत साठवलेली ताकद आहे का, हा वादाचा मुद्दा.

आणि त्या मुद्द्यावर दुसऱ्या प्रयोगाने वीसेक वर्षे राज्य केले. १९९८मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांना ताज्या भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांच्या वासात बसवले. काहींना बिस्किटे खाऊ दिली, काहींना समोर बिस्किटे असताना मुळेच खायला लावले. नंतर सर्वांना न सुटणारी कोडी दिली. मुळेवाल्यांनी आठेक मिनिटांत नाद सोडला, बिस्किटेवाले एकोणीस मिनिटे झगडले. निष्कर्ष: निग्रहाचा साठा मर्यादित असतो आणि वापरला की संपतो. पाठोपाठ शेकडो प्रयोग झाले, साखरेचे सरबत प्यायल्याने हा साठा भरतो असेही सिद्ध झाले म्हणे, आणि दिवसभर निर्णय घेऊन दमलेल्या माणसाने रात्री फ्रीज का उघडला याचे शास्त्रीय उत्तर मिळाले. सगळ्यांना पटणारे उत्तर होते, हीच त्याची अडचण. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी २,१४१ लोकांवर एकच ठरलेली पद्धत वापरून पाहिले तर परिणाम शून्याच्या आसपास. २०२१मध्ये ३६ प्रयोगशाळा, ३,५३१ लोक. या वेळी संशोधकांत मूळ मताच्या बाजूचे लोकही होते, आणि परिणाम पुन्हा नगण्य. दिवसाच्या शेवटी माणूस दमत नाही असे कुणीच म्हणत नाही. पण टाकीतले पाणी संपावे तसा निग्रह संपतो, हे चित्र आता उभे राहू शकत नाही.

या पडझडीत एक निरीक्षण आपल्या दृष्टीने गमतीचे आहे. कृष्णा सावनी आणि व्हेरोनिका जॉब यांनी २०१७मध्ये भारतीय आणि अमेरिकन सहभागींची तुलना केली. संयमाचे काम केल्यावर माणूस थकतो असे अमेरिकनांना वाटत होते; भारतीयांपैकी बऱ्याच जणांना उलट हुशारी येते असे वाटत होते, आणि अवघड कामानंतरचे दुसरे काम त्यांनी अधिक चांगले केले. एकाच अभ्यासावर फार भार टाकू नये. पण निर्जळी उपास करून संध्याकाळी पंचवीस माणसांचा स्वयंपाक उरकणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या निष्कर्षाचे फारसे नवल वाटणार नाही.

मग शिस्तीची म्हणून ओळखली जाणारी माणसे वेगळे काय करतात? यावरचे सर्वांत उपयोगी काम जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गचे. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०५ प्रौढांना दिवसभर वेळीअवेळी संदेश पाठवून विचारले: या क्षणी कशाची इच्छा होते आहे, तिचा दुसऱ्या कशाशी झगडा आहे का, तुम्ही ती आवरता आहात का? आठ हजारांच्या जवळपास नोंदी गोळा झाल्या. संशोधकांची अपेक्षा होती की आत्मनियंत्रणात वरचढ असलेले लोक जास्त वेळा मोह आवरताना सापडतील. ते कमी वेळा सापडले. त्यांच्या दिवसात झगडेच कमी होते. कॅनडातल्या विद्यार्थ्यांवर मरिना मिल्याव्स्काया आणि मायकेल इन्झ्लिख्ट यांनी २०१७मध्ये हेच दुसऱ्या टोकाने तपासले: सत्राच्या शेवटी ध्येय कुणी गाठले हे मोह किती आवरले यावरून सांगता येत नव्हते, किती कमी आले यावरून येत होते. ब्रायन गाला आणि अँजेला डकवर्थ यांच्या अभ्यासमालिकेने मधला दुवा दिला: सवय. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसणाऱ्याला बसावे की नाही हा प्रश्नच पडत नाही. पहाटे तानपुरा लावणारा गायक रोज मनाशी भांडत असता तर घराणी टिकली नसती.

सवय किती दिवसांत लागते? एकवीस, असे आपल्याकडे व्हॉट्सॲपवरही सांगतात. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून आला. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्यांना नवा चेहरा आपलासा वाटायला किमान तेवढे दिवस लागतात असे त्याने पाहिले होते. त्यातला ‘किमान’ प्रवासात हरवला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी गोष्ट निवडायला सांगून बारा आठवडे मोजले तेव्हा मध्यक आला ६६ दिवस, आणि माणसामाणसांतला अंदाजित फरक १८ ते २५४ दिवसांचा. पाणी पिणे लवकर बसते, व्यायाम फार उशिरा. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष बिघाड होत नाही, हेही त्यांना दिसले. वहीत रोजच्या खुणा करणाऱ्यांनी आणि एक चौकोन रिकामा राहिला की वहीच बंद करणाऱ्यांनी हे भिंतीवर लावायला हरकत नाही. पीटर गोलविट्झरचे ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवण्याचे तंत्रही याच कुळातले. चहाचा कप विसळला की गोळी घ्यायची, इतके साधे. त्यावरच्या ९४ चाचण्यांचा २००६मध्ये एकत्र आढावा झाला आणि परिणाम चांगला ठोस निघाला.

इथपर्यंतचे सगळे स्वतःपुरते झाले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते अर्थशास्त्रज्ञांचे काम, कारण त्यांनी माणसाला एकटे सोडले नाही. आपण उद्या डळमळणार हे माहीत असलेला माणूस आजच स्वतःचे हात बांधून घेतो का, असा त्यांचा प्रश्न. फिलिपाइन्समध्ये नावा अशरफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी एका बँकेच्या खातेदारांना असे खाते देऊ केले, ज्यातले पैसे ठरलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत काढताच येत नाहीत. व्याज जास्त नाही, फायदा कसलाच नाही, फक्त अडचण. २८ टक्के लोकांनी ते आपणहून घेतले, आणि ज्या गटाला हे खाते देऊ केले होते त्याची शिल्लक वर्षभरात इतरांच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी वाढली. म्हैसूरमध्ये संगणकावर माहिती भरणाऱ्या कामगारांना सुप्रीत कौर, मायकेल क्रेमर आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी दोन करार दिले: एक साधा, दुसऱ्यात उद्दिष्ट चुकले तर पैसे कापले जाणार आणि गाठले तर जास्त काही मिळणार नाही. शहाण्या माणसाने दुसऱ्याला हात लावू नये. कामगारांनी तिनातून एकदा तरी तोच निवडला. चेन्नईत फ्रँक शिल्बाख यांनी २२९ सायकलरिक्षाचालकांसोबत काम केले. दिवसा न पिता आल्यास पैसे, किंवा बिनशर्त पैसे, यात निवड दिली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी थोडे पैसे सोडून न पिण्याचे बंधन मागून घेतले. ज्यांना न पिण्यासाठी पैसे मिळाले त्यांची बचत सुमारे ६० टक्क्यांनी वाढली.

हे वाचताना भिशी आठवल्याशिवाय राहत नाही. महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल त्याला सगळा गल्ला. व्याजाच्या हिशेबात भिशी पोस्टातल्या खात्यापुढे हरते. पण पोस्टातले पैसे गरज पडली की काढता येतात, आणि घरात गरज रोजच पडते. भिशीत मात्र बारा बायकांसमोर ‘या महिन्याला नाही जमणार’ म्हणायला तोंड लागते. माळकऱ्याचेही तसेच. तुळशीची माळ घातली की मांस आणि दारू सुटते, एकादशी येते, वारी येते. पण त्याला रोज सुक्या मटणापुढे बसून मन मारावे लागत नाही. गळ्यातली माळ पाहून त्याला कुणी आग्रहच करत नाही. मोह त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधी गावाने अडवलेला असतो. व्युर्त्सबुर्गच्या नोंदींत जे दिसले, त्याची व्यवस्था वारकरी संप्रदायात कैक पिढ्या आहे.

चातुर्मासाची रचना याहून चतुर म्हणावी लागेल. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण-वांगे वर्ज्य. म्हणून आधीच्या नवमीला, कांदेनवमीला, भजी, भरली वांगी, थालीपीठ यांचा मनसोक्त समाचार. बंधनाला सुरुवातीची आणि शेवटाची तारीख आहे, शेजारपाजारचे सगळे एकदमच सुरू करतात, आणि व्रत पुरे झाले की उद्यापन करून रीतसर मोकळे होता येते. ‘आजपासून आयुष्यभर साखर बंद’ म्हणणाऱ्याकडे यातले काहीच नसते. अर्थात या परंपरेचा कल पाहून सगळेच गोड मानायचे कारण नाही. तिने व्रतांचे ओझे बायकांवर घातले आणि पुरुषांसाठी गटारी ठेवली.

बंदोबस्त ज्याच्या त्याच्या ऐपतीवर असतो, हा या सगळ्याचा दुखरा भाग. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची आनंदी मणी आणि सहकाऱ्यांनी तोडणीच्या आधी आणि नंतर चाचणी घेतली. आधी हातात पैसा नाही, उधारी तुंबलेली. नंतर बिल आलेले. तोच शेतकरी, त्याच प्रकारची कोडी, आणि बिल आल्यानंतर लक्ष व विचार दोन्ही सरस. या निष्कर्षाच्या व्याप्तीवर वाद आहेत, पण उसाचे बिल थकल्यावर घरातल्या माणसाचे चित्त कुठे असते हे कोल्हापूर-सांगलीत कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. चेन्नईतच ४५२ कष्टकऱ्यांच्या झोपेवर दुसरा अभ्यास झाला. ही माणसे आठ तास अंथरुणावर पडून जेमतेम साडेपाच तास झोपत. उकाडा, आवाज, डास. डोळ्यांवरच्या पट्ट्या, पंखे, सल्ला देऊन रात्रीची झोप अर्ध्या तासाच्या जवळपास वाढली तरी दिवसाच्या कामात फरक पडला नाही. दुपारी कामाच्या जागी दिलेल्या छोट्या डुलकीने मात्र काम, मनःस्थिती आणि लक्ष तिन्ही सुधारले. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांना हा अभ्यास पाठवायला हवा. पण लवकर उठण्याचा उपदेश कुठल्या घरातल्या माणसाला केला जातो, हेही यावरून पाहण्यासारखे आहे.

मोबाइलचा विषय थोडक्यात. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झको आणि लीना सॉंग यांनी २०२२मध्ये अमेरिकन वापरकर्त्यांवर प्रयोग करून अंदाज बांधला की समाजमाध्यमांवर जाणाऱ्या वेळेपैकी ३१ टक्के वेळ लोक स्वतःच्याच इच्छेविरुद्ध घालवतात. मिशेलच्या बालवाडीतला खाऊ निदान बशीत गप्प बसून होता. हा खाऊ हाका मारतो, आणि हाका केव्हा मारायच्या हे ठरवायला पगारी माणसे बसली आहेत. इथे वापरणाऱ्याला संयमाचे धडे देणे म्हणजे जुगाराच्या अड्ड्यावर बसून काटकसरीवर बोलणे.

शिस्त आणि तिची किंमत यांच्या समतोलाचा प्रश्न राहतो, आणि त्यावर पुस्तकांत सर्वांत कमी लिहिलेले असते. जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातील गरीब कृष्णवर्णीय किशोरांचा ग्रेगरी मिलर, जीन ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. ज्यांच्यात आत्मनियंत्रण जास्त, त्यांच्यात नैराश्य कमी, व्यसन कमी, आक्रमकता कमी. पण त्यांच्या पेशींचे वय खऱ्या वयापेक्षा पुढे गेलेले. सुखवस्तू घरांतल्या मुलांत असे आढळले नाही. प्रवाहाविरुद्ध पोहणारा किनाऱ्याला लागतोही, किंमत शरीर मोजते. गावाकडून आलेल्या, खोलीभाडे आणि घरची अपेक्षा दोन्ही डोक्यावर असलेल्या, पाचव्या प्रयत्नाला बसलेल्या मुलाला ‘आणखी शिस्त लाव’ म्हणताना हा अभ्यास डोळ्यांसमोर असावा.

शिस्त मोडते तेव्हा काय होते, यावरही आता बरे पुरावे आहेत. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपण चेष्टेने म्हणतो. पथ्यावर असलेला माणूस एक घास जास्त गेला की सगळेच पथ्य सोडून देतो, हे जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी प्रयोगांतून फार पूर्वी दाखवले. कॅनडात मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांना २०१०मध्ये आढळले की पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. स्वतःला फटके मारत राहणारे तिथेच राहिले. आणि २०२१मध्ये केटी मिल्कमन आणि तिच्या मोठ्या गटाने अमेरिकेतील एका जिमच्या ६१,२९३ सभासदांवर व्यायामाला येण्याचे ५४ निरनिराळे कार्यक्रम एकाच वेळी चार आठवडे चालवून पाहिले. जवळपास निम्म्यांनी हजेरी वाढवली. कार्यक्रम संपल्यावर टिकणारा परिणाम फारच थोड्यांचा निघाला. अव्वल ठरलेल्या कार्यक्रमाने सलग येणाऱ्याला बक्षीस दिले नव्हते. दांडी मारल्यानंतर पुढच्या वेळी जो आला, त्याला त्याने काही सेंट जास्त दिले होते.